राहिलेलं बी.कॉम. ऑनलाइन पूर्ण करू का?

पत्र थोडक्यात असं आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलंय, वय ३३. एस.वाय.बी.कॉम. झालं, लग्न ठरलं आणि टी.वाय.चा फॉर्म भरायचा राहूनच गेला, त्याला आता बारा वर्षं झाली. सध्या गावातल्या एका पतसंस्थेत क्लार्क आहेत, काम नीट जमतंय, पण अधिकारी म्हणून बढती हवी तर पदवी लागेल असं मॅनेजर म्हणालेत. तेव्हापासून त्या मोबाईलवर शोधतायत आणि एकदा कुठेतरी नंबर टाकल्यापासून परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठासाठी रोज फोन येतायत, तीन वर्षांचे एक लाख वीस हजार, हप्त्याने भरा, सीट संपत आल्यात. दुसरीकडे सरकारी विद्यापीठंही आता ऑनलाइन डिग्री देतात असं त्यांनी ऐकलंय, फी कमी आहे, पण तिथे फोनच कुणी उचलत नाही. दीर म्हणतात ऑनलाइन डिग्रीला कुत्रं विचारत नाही. सासूबाई म्हणतात मुलगी चौथीत आहे, आता तिचा अभ्यास घ्यायचा की स्वतःचा. ताईंचं म्हणणं असं की ऑनलाइन केलं तर घरात कुणाला त्रास होणार नाही, कुणाला काही मागावं लागणार नाही, रात्री आवरल्यावर अभ्यास करेन. तर करू का, आणि कुठून करू?

ताई, आधी दिरांचं वाक्य बाजूला करू, कारण तुमचं निम्मं पत्र त्याच्याभोवती फिरतंय आणि त्याचं उत्तर तुमच्या सगळ्या प्रश्नांमध्ये सोपं आहे. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठांचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय आयोगाचे, ४ सप्टेंबर २०२० चे नियम आहेत, दूरस्थ (पुस्तकं घरी, अधूनमधून वर्ग केंद्रावर) आणि ऑनलाइन शिक्षणाचे, त्यात स्पष्ट लिहिलंय की मान्यता असलेल्या विद्यापीठाने मान्यता असलेल्या कोर्सला दिलेली ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी ही कॉलेजात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने हे परत एकदा जाहीर केलं, कारण लोक विचारतच होते. गुणपत्रिकेच्या आणि डिग्रीच्या मागच्या बाजूला कुठल्या पद्धतीने शिकलात ते छापलेलं असतं हे खरं आहे, ते लपवायचं काही कारण नाही, त्याने बरोबरी कमी होत नाही. नोकरीच्या जाहिरातीत 'मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी' असं लिहिलेलं असतं, त्यात तुमची डिग्री बसते.

आणि आपल्याकडे हे काही काल सुरू झालेलं नाही हो. दिल्ली विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण १९६२ मध्ये सुरू केलं, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये, तेच पुढे 'आयडॉल' म्हणून सगळ्यांना माहीत झालं आणि आता त्याच्या नावात दूरस्थच्या जोडीला ऑनलाइन आलंय. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं, राम ताकवले सर पहिले कुलगुरू, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद, आणि ते ब्रीद बऱ्याच अंशी खरं ठरलं असं मला मनापासून वाटतं. पुण्याकडे 'एक्स्टर्नल'ला बसायची, म्हणजे कॉलेजात न जाता नुसती परीक्षा द्यायची पद्धत कित्येक वर्षं होती. तुमच्या तालुक्याच्या एसटी डेपोत, पंचायत समितीत, तुमच्याच पतसंस्थेच्या दुसऱ्या शाखेत विचारून बघा, बाहेरून बी.ए. बी.कॉम. केलेली माणसं सापडतील आणि त्यांना त्या डिग्रीवर बढत्याही मिळाल्या असतील. दिरांनाही यातलं कुणी ना कुणी नक्की माहीत असेल.

पण दिरांचा संशय अगदीच हवेतला नाही, हेही सांगते. एक काळ असा होता की गल्लीबोळात स्टडी सेंटर निघाली, एका राज्यातल्या विद्यापीठाची पाटी दुसऱ्या राज्यात झेरॉक्सच्या दुकानावर लागायची, आणि फसलेली मुलं आपल्या आसपासचीच होती. ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी पत्राद्वारे दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांच्या विरोधात निकाल दिला, कारण त्या कोर्सला घ्यायला हवी होती ती परवानगीच घेतलेली नव्हती. म्हणजे भोवलं ते विनापरवानगी चालवलेलं शिक्षण. म्हणून कुणीही ऑनलाइन म्हटलं की पहिली गोष्ट यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे 'डेब'च्या वेबसाइटवर जायचं आणि तीन गोष्टी जुळतात का बघायच्या, विद्यापीठाचं नाव, तुम्हाला हवा तोच कोर्स, आणि ज्या सत्रात प्रवेश घेताय ते सत्र. तिन्ही जुळायला हवं. विद्यापीठ यादीत आहे पण तुमचा कोर्स नाही, असं होऊ शकतं. कोर्स आहे पण नुसता दूरस्थ म्हणून आहे, ऑनलाइनला परवानगी नाही, असंही होऊ शकतं.

तुमचं बी.कॉम. आहे म्हणून तुम्हाला काळजी नाही, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगून ठेवते की इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर, पीएच.डी. यातलं काहीही ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने करता येत नाही, आणि २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, आहारशास्त्र वगैरे आरोग्याशी जोडलेले विषयही बंद केलेत. घरी बसून सायकॉलॉजी करा म्हणून आजही कुणी फोन केला तर ठेवून द्यायचा.

आता ते रोजचे फोन. ताई, जी मुलगी तुम्हाला 'मॅम, आज रात्री बारापर्यंतच डिस्काउंट आहे' म्हणते तिला मी दोष देत नाही, तिलाही टार्गेट असतं, पण ती बहुतेक वेळा विद्यापीठाची माणूस नसते, ॲडमिशन मिळवून देणाऱ्या कंपनीची असते. विद्यापीठाने आपली डिग्री दुसऱ्याला फ्रँचायझीने चालवायला देणं नियमात बसत नाही, जानेवारी २०२२ मध्ये यूजीसीने एड-टेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षणाचा धंदा करणाऱ्या कंपन्यांच्या बाबतीत लोकांना तसं सावधही केलं होतं. प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै-ऑगस्ट, आणि शेवटची तारीख यूजीसी ठरवते. त्यामुळे हे सत्र गेलं तरी सहा महिन्यांनी परत दार उघडतं. 'सीट संपतायत' या वाक्यावर पाच मिनिटंसुद्धा काळजी करू नका.

हप्त्याचं मात्र नीट ऐका. तुम्ही स्वतः पतसंस्थेत बसता, तुम्हाला हे मी सांगायला नको, पण समोरचा गोड बोलत असला की आपलंही भान सुटतं. 'हप्त्याने फी भरा' म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज तुमच्या नावावर चढतं. शिक्षण मधेच सोडलं तरी कर्ज सुटत नाही, हप्ता चुकला तर सिबिल तुमचं खराब होतं. ओटीपी मागितला, आधार-पॅनचा फोटो मागितला तर 'आधी कर्जाचा कागद दाखवा, कुणाच्या नावावर, किती व्याज, सोडलं तर काय' एवढं विचारा. तुमच्या काउंटरवर आलेल्या सभासदाला तुम्ही सह्या करण्याआधी जे वाचायला लावता तेच.

खासगी म्हणजे वाईटच असं माझं म्हणणं नाही, यादीत असलेली, चांगलं शिकवणारीही आहेत. पण तुमचं काम आहे राहिलेली पदवी पूर्ण करून बढतीला पात्र होणं, त्यासाठी एक लाख वीस हजारांचं कर्ज डोक्यावर घ्यायचं कारण मला तरी दिसत नाही, जेव्हा मुक्त विद्यापीठात तेच बी.कॉम. वर्षाला काही हजारांत होतं आणि पुस्तकंही मराठीत मिळतात.

आता सरकारी विद्यापीठं, ज्यांच्याबद्दल तुम्ही 'ऐकलंय' असं लिहिलंय. गेल्या काही वर्षांत झालंय असं की पूर्वी फक्त दूरस्थ शिक्षण चालवणारी आणि काही तर फक्त कॉलेजं सांभाळणारी मोठी सार्वजनिक विद्यापीठं ऑनलाइन डिग्रीत उतरलीत. नॅकचा, म्हणजे विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचा स्कोअर ४ पैकी ३.२६ किंवा त्याहून जास्त असला की प्रत्येक कोर्सला आधी परवानगी मागत बसावं लागत नाही, त्यामुळे वेग आलाय. आणि तुमच्यासारख्यांच्या दृष्टीने मोठा फरक हा की दूरस्थला हद्द असते, राज्याच्या विद्यापीठाने आपल्या कार्यक्षेत्रातच केंद्रं चालवायची, ऑनलाइनला हद्द नाही. सातारा येतं शिवाजी विद्यापीठाकडे, पण उद्या मुंबईच्या किंवा तामिळनाडूतल्या सरकारी विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स तुम्हाला आवडला तर घर न सोडता घेता येतो, फक्त यादी बघून. आयआयटी मद्रासने तर २०२० मध्ये डेटा सायन्सची डिग्री ऑनलाइन सुरू केली, जेईई न देता, त्यांच्या चार आठवड्यांच्या पात्रता फेरीतून जायचं, आणि परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन समोरासमोर द्यायची. तिथे कुणी 'ऑनलाइन म्हणजे सोपं' म्हणत नाही. सार्वजनिक संस्थेने ठरवलं तर हे किती कसून करता येतं त्याचं हे उदाहरण म्हणून सांगितलं.

पण सगळीकडे तसं नाही, आणि इथे तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे. फोन उचलत नाहीत. पुस्तकं सत्र निम्मं झाल्यावर हातात पडतात. निकाल लांबतो, मग पुढच्या प्रवेशाची तारीख आणि निकालाची तारीख एकमेकांच्या पायात येतात. पोर्टलवर लेक्चर म्हणून कधीकधी नुसती पीडीएफ टाकलेली असते. कोर्स वाढवले त्या प्रमाणात माणसं वाढवली नाहीत, शिक्षक कंत्राटी, ऑफिसात दोन क्लार्क आणि हजारो विद्यार्थी, हे दुखणं आहे आणि ते विद्यापीठांनी मनावर घेतलंच पाहिजे, कारण या दारात येणारा विद्यार्थी हा बहुतेक वेळा तुमच्यासारखा असतो, ज्याने एकदा शिक्षण सोडलेलं असतं आणि मोठ्या हिमतीने परत आलेला असतो. त्याला आठ दिवस उत्तर मिळालं नाही की तो 'जाऊ दे' म्हणतो आणि परत कधीच येत नाही.

तरी मी सरकारीच्या बाजूने का आहे, तर तिथे उत्तर मिळत नसलं तरी ते मागायचा हक्क आहे म्हणून. फोनचा नाद सोडा, ईमेल करा, तारीख टाका, एकाच मेलमध्ये एकच प्रश्न. पंधरा दिवसांत काही आलं नाही तर स्मरणपत्र. तरी नाही तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, सार्वजनिक विद्यापीठाला २००५ चा कायदा लागू आहे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनी प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी लोकपाल नेमायला सांगितलंय, त्यांचा पत्ता वेबसाइटवर शोधून ठेवा. मी बघितलंय, नुसत्या एका नीट लिहिलेल्या अर्जाने महिनोन् महिने अडकलेली गुणपत्रिका घरी येते.

आता ज्याबद्दल मला तुमच्याशी खरं बोलायचंय ते. तुम्ही लिहिलंय की ऑनलाइन केलं तर घरात कुणाला त्रास होणार नाही, कुणाला काही मागावं लागणार नाही. ताई, हे गृहीतच मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, दिरांच्या बोलण्यापेक्षाही.

हिशोब करू. तीन वर्षांच्या पदवीला कमीत कमी १२० क्रेडिट असतात, म्हणजे वर्षाला ४०. एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरलेला आहे, त्यात लेक्चर, वाचन, स्वाध्याय, सगळं आलं. ४० गुणिले ३०, वर्षाचे १२०० तास. आठवड्याला २३. रोजचे तीन तासांच्या वर, रविवार धरून. तुम्ही बी.कॉम.ची दोन वर्षं केलीयत, रोज खतावणीत असता, अकाउंट्सला तुम्हाला तेवढा वेळ लागणार नाही, निम्म्यात भागेल समजा. तरी रोजचा दीड-पावणेदोन तास झाला. आणि तुमचाच दिवस तुम्ही लिहिलाय, पहाटे साडेपाचला उठणं, डबे, साडेनऊला संस्था, संध्याकाळी साडेसहाला परत, भाकरी, मुलीचा अभ्यास, सगळं आवरेपर्यंत साडेदहा. त्यानंतर कॉस्टिंगचं लेक्चर लावलं तर पहिल्या दहा मिनिटांत डोळे मिटणार, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःलाच बोल लावणार की माझ्यातच दम नाही. दम आहे हो तुमच्यात, वेळ नाहीये. आणि तो वेळ मागितल्याशिवाय मिळणार नाही.

म्हणजे फी दोन असतात. एक विद्यापीठाची, ती पैशाची. दुसरी घराकडून घ्यायची, ती वेळेची, आणि ती चुकवून ऑनलाइन डिग्री होत नाही. कॉलेजला जाणारी मुलगी घराबाहेर असते म्हणून तिला कुणी कपडे वाळत घालायला सांगत नाही. घरात कानात हेडफोन घालून बसलेली बाई मात्र सगळ्यांना मोकळीच दिसते. ऑनलाइन परीक्षा घरून द्यायची असेल तर आणखी बिकट, लॅपटॉपचा कॅमेरा चालू, माइक चालू, खोलीत दुसरं कुणी आलेलं चालत नाही, आणि नेमकं तेव्हाच मागून कुणीतरी हाक मारतं की गॅस संपलाय, स्क्रीनवर सूचना येते, छातीत धडधडतं आणि सोडवत असलेलं गणित डोक्यातून जातं. तुमच्याकडे लॅपटॉप नाही, वेगळी खोली नाही, लाइटचा भरवसा नाही असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा प्रवेशाआधी पहिला प्रश्न हा विचारायचा की परीक्षा केंद्रावर आहे का, जवळचं केंद्र कुठलं.

म्हणून माझं मत विचाराल तर, तुमच्या आजच्या परिस्थितीत पूर्ण ऑनलाइनपेक्षा सरकारी विद्यापीठाचं दूरस्थ बी.कॉम. तुम्हाला जास्त मानवेल. मुक्त विद्यापीठाचं बघा, इग्नूचं, म्हणजे केंद्राच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचंही बघा, पण इग्नूची पुस्तकं बहुतेक इंग्रजी-हिंदीत असतात आणि तुम्ही इंग्रजीची भीती लिहिलीय. तुमच्या तालुक्याला किंवा साताऱ्याला अभ्यासकेंद्र कुठल्या कॉलेजात आहे ते शोधा. संपर्कसत्रं, म्हणजे केंद्रावरचे वर्ग, सुट्टीच्या दिवशी असतात, लोक त्यांना फार हसण्यावारी नेतात, 'हजेरी कोण विचारतंय' म्हणतात, पण माझ्या ओळखीतल्या एक अंगणवाडी सेविका आहेत, त्यांनी अशाच रविवारांवर बी.ए. केलं. सकाळची एसटी, पिशवीत डबा आणि दोन वह्या, वर्गात बसलेल्या एक होमगार्ड, दोन आशाताई, एक किराणा दुकानदार. त्या म्हणायच्या की सर काय शिकवतात त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट ही की त्या दिवशी मी घरात नसते. स्वाध्याय कुणी लिहिले, कुणाचे राहिले, फॉर्मची तारीख कधी, हे सगळं त्यांना पोर्टलच्या आधी त्या बाकावरच्या मैत्रिणींकडून कळायचं. महिलांना एसटीला अर्धं तिकीट आहेच आता. तुम्ही रविवार मागा. रोज रात्रीचे दोन तास चोरण्यापेक्षा आठवड्यातला एक अख्खा दिवस उघडपणे मागणं घरालाही समजायला सोपं जातं.

सासूबाईंचा प्रश्न चुकीचा नाही, मुलीचा अभ्यास कोण घेणार हे ठरवायला हवं, पण ते ठरवण्यात तुमच्या मिस्टरांचं नाव पत्रात एकदाही आलेलं नाही. चौथीतल्या मुलीचे पाढे आणि परिसर अभ्यास वडील घेऊ शकतात, आठवड्यातले तीन दिवस त्यांचे. हे भांडून नाही, हिशोब समोर ठेवून बोला, २३ तासांचा कागद त्यांना दाखवा, अमुक दिवशी मी अमुक वेळ अभ्यासाला बसणार, तेव्हा हे-हे तुम्ही बघायचं. सासूबाईंना बढतीने पगारात किती फरक पडेल तेही सांगा, लपवून काय करायचं. त्या कदाचित तुम्हाला वाटतात त्याच्याहून लवकर राजी होतील.

मग ऑनलाइन कुणी करावं? ज्याची शिफ्ट ड्यूटी आहे आणि रविवारही आपला नाही, जो बोटीवर आहे, आखातात आहे, सैन्यातल्या नवऱ्याबरोबर दर तीन वर्षांनी गाव बदलतंय अशी बाई, घराबाहेर पडणं शरीराने अवघड आहे असं कुणी, यांच्यासाठी सरकारी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी हे फार मोठं दार आहे आणि ते उघडल्याचा मला आनंदच आहे. तुम्हीसुद्धा बी.कॉम. झाल्यावर एम.कॉम. ऑनलाइन करा, तोवर अभ्यासाची सवय परत लागलेली असेल, मुलगी सातवी-आठवीत गेलेली असेल, एखादा लॅपटॉप घरात आलेला असेल.

तीन वर्षांतच झालं पाहिजे हाही हट्ट नको. इग्नूला तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते, बाकी ठिकाणीही जास्तीची मुदत असते, माहितीपत्रकात ती बघून घ्या. एखाद्या सत्रात मार्च एंड आला, ऑडिट आलं, तर दोन विषय पुढे ढकला. पण स्वाध्याय सोडू नका, साधारण ३० मार्क अंतर्गत आणि ७० लेखी परीक्षेला असतात, आणि नापास होणारे पुष्कळ जण त्या तीसातच कमी पडतात कारण वेळेवर जमाच करत नाहीत.

जुनी दोन वर्षं धरतील का, असं विचारलंय. आशा फार ठेवू नका. आता क्रेडिट बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्यात जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतात, तुमचे मार्क तर त्या पद्धतीच्या आधीचे आहेत आणि बारा वर्षं जुने. तरी एकदा लेखी विचारा, जुन्या गुणपत्रिका जोडून, काही विद्यापीठांचे सवलतीचे वेगळे नियम असतात. नाही म्हणाले तर पहिल्या वर्षापासून सुरू करायचं, आणि ते वाया गेलं म्हणू नका, अकाउंट्सचं पहिलं वर्ष तुमच्या हातातलं आहे, त्यावेळात इंग्रजीकडे बघता येईल.

एक गोष्ट बायकांच्या बाबतीत हमखास अडते म्हणून मुद्दाम लिहिते. बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. आता प्रवेशाला आधी डिजिलॉकरमधून क्रेडिट बँकेचा एबीसी आयडी काढावा लागतो आणि २०२४ पासून त्यावरून डेब आयडी, दोन्ही तुमच्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मोबाईलवर. एबीसी आयडीवर आधारचं नाव येतं आणि विद्यापीठाला पाहिजे असतं बारावीचं. मग फॉर्म अडकतो. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आहे का बघा, नसेल तर काढा, राजपत्रात नाव बदललेलं असेल तर ती प्रत ठेवा, आणि डिग्रीवर कुठलं नाव हवं ते आत्ताच ठरवा, संस्थेच्या सर्व्हिस बुकात जे आहे तेच असलेलं बरं. हे आयडी काढून देतो म्हणून कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका, जमत नसेल तर कॉलेजातल्या भाचीला शेजारी बसवून करा.

आणि प्रवेश घेण्याआधी मॅनेजरसाहेबांकडे जा. 'पदवी लागेल' हे ते तोंडी म्हणालेत. तुमच्या संस्थेच्या सेवानियमात नेमकं काय लिहिलंय ते बघायला मागा, कुठल्याही शाखेची पदवी की वाणिज्यचीच, किती वर्षांचा अनुभव, बढतीसाठी जागा कधी निघते. पदवी झाल्यावर सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि हिशोबाच्या पदविकेची परीक्षा देता येते, पतसंस्थेतल्या माणसाला तिचा उपयोग काय ते तुम्हाला माहीतच आहे, तर तेही संस्थेत धरतात का विचारून घ्या. संस्था फीचा काही भाग देते का हेही विचारा, विचारायला काय जातं, काही संस्था देतात.

नावाच्या कागदांना वेळ लागतो म्हणून ते या आठवड्यातच हातात घ्या, बाकी सगळं त्यांच्या मागून येईल. मिस्टरांशी बोलणं त्याच्याही आधी. त्या फोनवाल्या मुलीला एकदाच नीट सांगा की मी दुसरीकडे प्रवेश घेतेय, आणि नंबर ब्लॉक करा. अभ्यासकेंद्राचं माहितीपत्रक मिळालं की विषयांची नावं लिहून मला परत पत्र टाका, पहिल्या सत्राला त्यातले कुठले घ्यायचे ते मग सांगते.